पुढचा बाक, मागचा बाक



आधी मी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना नेतृत्व शिकवायचो, पुढे गुन्हेगारीशास्त्राकडे वळलो. "ही दोन टोकं जुळली कशी?" असं मघाशी बऱ्याच जणांनी विचारलं.

एडविन सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९३९ साली 'व्हाइट कॉलर क्राइम' ही कल्पना मांडली. गुन्ह्याचं मूळ गरिबीतच असतं, ही समजूत त्यांनी खोडून काढली. ७० मोठ्या कंपन्यांच्या गैरव्यवहारांवरचं त्यांचं पुस्तक १९४९ साली आलं, तेही कंपन्यांची नावं गाळून. नावांसह ते छापायला १९८३ साल उजाडलं. प्रतिष्ठितांवर संशय घ्यायला समाज कचरतो, तो असा.

हा धडा मला खरं तर आपल्याच वर्गात मिळाला होता. आठवीत खिडकीची काच फुटली, तेव्हा छड्या मागच्या बाकावरच्या मित्राने खाल्ल्या. पुढच्या बाकावरच्या मॉनिटरला कुणी साधं विचारलंही नाही. काच त्यानेच, म्हणजे मीच, फोडली होती.

दरवर्षी पहिल्या तासाला विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट सांगतो. तो मित्र आज इथे समोर बसला आहे. त्याला मात्र आज पहिल्यांदाच सांगतोय.

मित्रा, माफ कर.