मेज तेच, चेंडू तोच
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आज मी आपणांपुढे भाविनाबेन पटेल यांचे उदाहरण ठेवणार आहे. त्यांचा जन्म १९८६ साली गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यातील सुंढिया या गावी झाला. त्या अवघ्या वर्षाच्या असताना पोलिओने त्यांचे पाय निकामी झाले. पुढे संगणकाचे शिक्षण घेण्यासाठी त्या अहमदाबादच्या अंधजन मंडळात दाखल झाल्या. तेथेच टेबल टेनिसची बॅट प्रथम विरंगुळा म्हणून त्यांच्या हाती आली.

चाकांच्या खुर्चीतून हा खेळ खेळणे सोपे असेल, असा समज कोणी करून घेऊ नये. मेज तेच, नऊ फूट लांब व पाच फूट रुंद. जाळी तीच, चेंडूही तोच. सर्व्हिसचा चेंडू मेजाच्या बाजूच्या कडेवरून बाहेर गेल्यास ती पुन्हा करावयाची, एवढा मुख्य फरक. जेथे इतर खेळाडू धाव घेतात, तेथे बसल्या जागी तोल राखून हात पोहोचवावा लागतो.

टोकियोची २०२० ची पॅरालिंपिक स्पर्धा महासाथीमुळे २०२१ साली भरली. पहिल्याच सामन्यात चीनच्या चौ यिंग यांनी भाविनाबेनांना सरळ तीन डावांत हरविले. परंतु त्या खचल्या नाहीत. पुढे त्यांनी रिओ येथील सुवर्णपदक विजेत्या सर्बियाच्या पेरिच-रँकोविच यांना, व नंतर चीनच्याच चँग मियाओ यांना पाच डावांच्या झुंजीत नमविले. अंतिम सामन्यात पुन्हा चौ यिंग यांच्याकडून हार झाली. तथापि मिळालेले रौप्यपदक हे पॅरालिंपिक टेबल टेनिसमधील भारताचे पहिले पदक ठरले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक पटकाविले. २०२४ साली पॅरिस येथे उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा त्याच चौ यिंग समोर आल्या. सामना गेला, पण या वेळी एक डाव भाविनाबेनांनी जिंकला. तो एक डाव मला पदकाइतकाच मोलाचा वाटतो.

बंधुभगिनींनो, आपल्या ज्ञातीतही अशी मुले आहेत. भावंडांच्या विवाहात अडचण नको, म्हणून काहींना संमेलनास आणले जात नाही, ही गोष्ट आपण सर्वजण जाणतो. भाविनाबेनांना घरच्यांनी लपविले असते, तर ती बॅट त्यांच्या हाती आली असती काय? या मुलांना आपली कीव नको, संधी हवी. म्हणून माझी नम्र सूचना आहे, की आपल्या सभागृहाच्या पायऱ्यांशेजारी पुढील संमेलनापूर्वी चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधावी आणि विद्यार्थी निधीतील एक वाटा या मुलांसाठी राखून ठेवावा. पुढील वर्षी ही मुले मागच्या खोलीत नव्हे, तर येथे पहिल्या रांगेत बसलेली दिसोत, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.