झोतांचें भाकीत

सोयगांव तालुक्यांत अजिंठ्याच्या लेण्यांपाशीं वाघूर नदी कड्यावरून उड्या घेत खालीं येते. पावसाळ्यांत ती कातळावर आदळली कीं, तुषारांचे झोत उसळतात. त्यांची दिशा व जोर पाहून चतुर माणूस पाण्याआड लपलेल्या खडकाचा अंदाज बांधतो. परमाणूच्या अंतरंगांत डोकावणारा शास्त्रज्ञही हेंच करतो.

प्रचंड वेगाचे कण एकमेकांवर आदळले म्हणजे त्यांतील क्वार्क व ग्लुऑन बाहेर फेकले जातात. एकटा क्वार्क मात्र कधींच दिसत नाहीं. त्याच्या दिशेनें निघालेला इतर कणांचा अरुंद लोंढा तेवढा दिसतो. तोच झोत. १९७९ सालीं हॅम्बुर्ग येथें असे तीन झोत एकदम दिसले आणि ग्लुऑनची ओळख पटली.

असे झोत किती निघतील, हें आधीं गणितानें सांगण्यांत डॉ. रोहिणी गोडबोले यांनीं नांव मिळविलें. त्यांचा जन्म १९५२ सालीं पुण्यांत झाला. शालेय शिक्षण हुजूरपागेंत. मुंबई विद्यापीठांत शिकवीत असतां, १९९१ सालीं, त्यांनीं व जर्मन शास्त्रज्ञ मॅन्युएल ड्रीस यांनीं एक इशारा दिला. प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, क्षणभर क्वार्क-ग्लुऑनांचें रूप घेतो. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांचे दाट झुबके समोरासमोर आले कीं, त्यांतून फोटॉन सुटतात. ते आपसांत आदळून लहान झोतांचा इतका केर करूं शकतील कीं, ज्या विरळ घटनेसाठीं एवढें खर्चाचें यंत्र उभारावयाचें, तीच त्यांत झांकली जाईल! सबब झुबक्यांची रचना ठरवितांनाच हा हिशेब मांडावयास हवा.

पुढल्याच वर्षीं जपानच्या ट्रिस्टन व हॅम्बुर्गच्या हेरा या यंत्रांवर फोटॉनच्या पोटांतील क्वार्क-ग्लुऑनांपासून निघालेले झोत दिसून आले. तथापि साधें गणित तसेंच पुढें रेटलें, तर टकरींची संख्या भरमसाट फुगते. तिला लगाम कसा बसतो, याचा विचार त्यांनीं इटलीच्या ज्युलिया पांकेरी यांच्यासह केला. आपल्याच भाकिताची मर्यादा शोधणें, हेंही शास्त्रज्ञाचें कर्तव्यच होय.

२५ ऑक्टोबर २०२४ रोजीं गोडबोले निवर्तल्या. ज्या महायंत्रासाठीं तो इशारा होता, तें अद्याप उभें राहिलेलें नाहीं. पण त्याचा आराखडा आंखणाऱ्यास तो हिशेब टाळतां येत नाहीं. पूल बांधण्यापूर्वीं पुराची पातळी सांगणारा मनुष्य पूल बांधणाऱ्याइतकाच उपकारकर्ता नव्हे काय?