दुरून धांवत आलेला मनुष्य

(सुवर्णमहोत्सवाच्या त्रिदिन प्रार्थनेंत दुसऱ्या सायंकाळीं धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं. ज्या वडीलधाऱ्यांनीं डोक्यावर विटा वाहून हें मंदिर उभारिलें त्यांचें स्मरण काल झालें. उद्यां मिरवणूक निघेल. आज आम्हीं मंदिराचा इतिहास सांगावा अशी मंडळींची इच्छा होती. परंतु आपल्या अनुज्ञेनें आम्ही आज अशा एका व्यक्तीशीं बोलणार आहों, कीं जी बहुधा शेवटच्या बांकावर बसली आहे. तो तरुण असेल, एखादी शाळकरी मुलगी असेल, कदाचित् चार मुलांची आई असेल. मनांतील दुःख असह्य झालें म्हणजे जी व्यक्ति एकांतीं स्वतःच्याच देहास इजा करून घेते आणि ती जखम वस्त्राखालीं झांकून चारचौघांत वावरते, तिच्यासाठीं हे चार शब्द आहेत. इतरांनींही ते ऐकावे. कारण ती व्यक्ति आपल्याच घरची असूं शकेल.

संत मार्काच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत असा एक मनुष्य आपणांस भेटतो. गरसेकरांच्या प्रदेशांत तो थडग्यांमध्यें राही, रात्रंदिवस आक्रोश करी आणि दगडांनीं स्वतःचें अंग घायाळ करून घेई. लोकांनीं त्यास सांखळदंडांनीं बांधून पाहिलें. त्यानें सांखळ्या तोडून टाकिल्या. त्याच्या जखमा कोणीं धुतल्या, किंवा त्याच्याजवळ कोणी घटकाभर बसलें, असें मात्र तेथें कोठेंही लिहिलेलें नाहीं.

एक गैरसमज येथेंच दूर करूं. तो मनुष्य भूतग्रस्त होता म्हणून आज जो कोणी स्वतःस इजा करितो तोही भूतग्रस्त, असें अनुमान कोणीं काढूं नये. ख्रिस्तसभा तसें शिकवीत नाहीं. आम्हीं हा प्रसंग घेतला तो निराळ्या कारणासाठीं. प्रभु नावेंतून उतरला तेव्हां त्या मनुष्यानें त्यास दुरून पाहिलें आणि तो धांवत आला. अंगावरच्या जखमा ताज्याच होत्या. आधीं बरें व्हावें आणि मग जावें, असा विचार त्यानें केला नाहीं. आणि प्रभूनें त्यास दटाविलें नाहीं, लाजविलें नाहीं. त्याचें नांव विचारिलें.

आम्हांस मात्र एकदां प्रभूसारखें वागतां आलें नाहीं, हें आज येथें कबूल करणें प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका ठिकाणीं आम्ही सेवेस असतां, दृढीकरणाच्या वर्गांत एक मुलगा येई. वैशाखाच्या उकाड्यांतही त्याच्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत असत. एके दिवशीं पुस्तकें उचलतांना बाही वर सरकली आणि आमच्या सर्व लक्षांत आलें. आम्हीं काय केलें? देह हें पवित्र आत्म्याचें मंदिर आहे, यावर त्यास अर्धा तास उपदेश केला. त्यानें मान हलविली, बाही खालीं ओढली, आणि पुढील रविवारपासून तो आला नाहीं. सेमिनरींत आम्ही कित्येक वर्षें तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या शिकलों. परंतु ‘बाळ, फार दुखतें काय?’ एवढे शब्द त्या दिवशीं आम्हांस सुचले नाहींत. पुढें त्याच्या मावशीकडून कळलें, कीं त्याच्या एका शिक्षकानें त्यास डॉक्टरकडे नेलें व तो हळूहळू सांवरला. जें काम आमचें होतें तें दुसऱ्यानें केलें. त्या शिक्षकाचे आम्ही आजन्म ऋणी आहों.

तेव्हांपासून डॉक्टर मंडळींस विचारून आम्हीं कांहीं गोष्टी शिकून घेतल्या. असें करणारा मनुष्य पुष्कळदां मरण इच्छीत नाहीं. मनाची वेदना क्षणभर तरी सोसावी म्हणून तो देहाची वेदना पत्करितो. आराम मिळतो तो क्षणाचा. मागून लाज येते, आणि लाजेंतून पुन्हां तोच आवेग उसळतो. हें ढोंग नव्हे. ढोंग असतें तर एवढी लपवालपव कशाला? तथापि ही गोष्ट धोक्याची आहे. आज ज्यास मरण नको आहे त्याच्याही जिवावर ती पुढें बेतूं शकते. आणि यावर उपचार आहेत. दुःख बोलून दाखविण्यास आणि आवेग आला असतां तो ओसरूं देण्यास जाणकार लोक शिकवितात. मुळाशीं विषाद असल्यास औषधही देतात.

मग मनुष्य कोणाजवळ बोलत कां नाहीं? भयामुळें. देव रागावेल, हें एक भय. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथांत, आत्महत्येविषयीं बोलतांनासुद्धां, तीव्र मानसिक व्यथेमुळें मनुष्याचा दोष उणा होऊं शकतो असें स्पष्ट म्हटलें आहे. मग देवाची दया तुमच्या जखमेपाशींच थांबेल काय? पोलिसांचें बोलावणें येईल, हें दुसरें भय. पूर्वीं आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा असे. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें असा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिलें आहे. लोक काय म्हणतील, हें तिसरें भय; आणि त्याचें उत्तर देणें आपणां सर्वांच्या हातीं आहे.

म्हणून, शेवटच्या बांकावरील बाळा, एका मनुष्यास सांग. आई, आत्या, मित्र, शिक्षिका, जो तुला जवळचा वाटेल तो. सगळें सांगावयास नको. ‘मी स्वतःला इजा करितों, मला मदत पाहिजे,’ एवढें पुरे. तोंडानें बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून दे. पहिल्यानें ऐकलें नाहीं तर दुसऱ्याकडे जा. त्या पहिल्याची चूक, तुझी नव्हे. पापनिवेदनांत सांगशील तें आमच्याबरोबर थडग्यांत जाईल. परंतु धर्मगुरु हा डॉक्टर नव्हे, आणि डॉक्टरकडे तुझ्यासोबत चालत येण्यास आम्ही तयार आहों. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रीं-अपरात्रीं, विनामूल्य, मराठींतही बोलतां येतें. जिवाचें बरेंवाईट करावें असें वाटूं लागलें तर एकटा राहूं नकोस. कोणास तरी तत्काळ हांक मार आणि रुग्णालय गांठ.

आणि घरच्यांनो, लेंकरानें असें सांगितलें तर ओरडूं नका, शपथा घालूं नका, भगताकडे नेऊं नका. प्रथम जखम धुवा. मग जवळ बसा आणि ऐका. धोक्याच्या वस्तु दूर ठेवा आणि डॉक्टरकडे न्या. नोवेना अवश्य करा; परंतु औषधाच्या ऐवजीं नव्हे, औषधाबरोबर.

शुभवर्तमानांतील तो मनुष्य अखेर वस्त्र नेसून, शुद्धीवर येऊन, प्रभूजवळ शांत बसलेला लोकांस दिसला. त्यास प्रभूबरोबर नावेंत जावयाचें होतें. प्रभूनें त्यास त्याच्या घरीं, त्याच्या माणसांत परत धाडिलें. ‘लेवीय’ ग्रंथांतही पन्नासावें वर्ष महोत्सवाचें सांगितलें आहे तें याचसाठीं, कीं दूर गेलेल्या प्रत्येकानें आपल्या कुटुंबांत परत यावें. आपला महोत्सव मिरवणुकीनें पुरा होणार नाहीं. शेवटच्या बांकावरील एक जण उठून कोणाजवळ तरी बोलला, म्हणजे पुरा होईल. धर्मगुरुनिवासाचें दार आज रात्रीं उघडें आहे. आम्ही जागे आहों.

प्रभु तुम्हांस शांति देवो. आमेन.