विळा, यंत्र आणि माप



मांडवा म्हटलं, की हल्ली लोकांना बोट आठवते. 2020 साली मुंबईहून मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट इथल्या धक्क्याला लागू लागली. तेव्हापासून तर जास्तच. पण धक्क्यापासून थोडं आत चला. तिथं भाताची खाचरं आहेत. आज आपण त्या भाताबद्दल बोलू. भात कापायची आणि झोडायची रीत कशी बदलली, आणि त्या बदलात शेतकऱ्याच्या हाती काय आलं, ते पाहू.

आम्हा म्हाताऱ्या माणसांनी विळ्याचा काळ पाहिला आहे. भात पिवळं पडलं, की सारं गाव शेतात असे. कापणी एकट्यादुकट्याचं काम नव्हे. आज आमच्या शेतात, उद्या तुमच्या शेतात. याला सावड म्हणत. कापलेलं भात उन्हात वाळवीत. मग भारे बांधून खळ्यावर नेत. खळं शेणानं सारवलेलं असे. तिथं दगडावर किंवा फळीवर पेंढ्या आपटून दाणे पाडीत. पेंढीत राहिलेले दाणे सुटावेत म्हणून वरून बैल फिरवीत. वारा सुटला, की सुपानं भात वारवीत. फोल उडून जाई आणि दाणा खाली पडे.

कामाला गप्पांची सोबत होती. पण दिवसभर वाकून कंबर मोडे. बोटाला विळा लागे. आणि परतीचा पाऊस आला, तर उभं पीक आडवं होई. कापलेल्या भाताला मोड येत. ते आठवलं, की जुनं ते सारं सोनं होतं, असं म्हणवत नाही.

आता खळ्यावरची दुसरी गोष्ट सांगतो. ही आमच्या वाडवडिलांच्या काळातली. तेव्हा आपल्या भागात खोती होती. जमीन कसणारा कूळ, आणि धनी खोत. पिकाचा मोठा हिस्सा खंड म्हणून खोताकडे जाई. कुळाकडून कबुलायत लिहून घेत. कबुलायत म्हणजे कराराचा कागद. त्यात काय लिहिलं आहे, ते बहुतेक कुळांना वाचता येत नसे. खाली अंगठा मात्र त्यांचाच असे. वर्षभर राबावं, आणि खळ्यावरून उरलंसुरलं घरी न्यावं, अशी गत होती.

याविरुद्ध आपल्याच अलिबाग तालुक्यात मोठा लढा झाला. 1933 साली चरी गावात शेतकऱ्यांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायचं सोडून दिलं. पेरणीच नाही, तर कापणी कुठली? घरात दाणा नव्हता. लाकूडफाटा विकून आणि मिळेल ती मजुरी करून माणसांनी दिवस काढले. हा संप 1939 पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली खोती बंद करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. 1939 साली कुळकायदा झाला. 1949 साली खोती रद्द करणारा कायदाही झाला. कसणाऱ्याचं भात कसणाऱ्याच्या घरात यायला एवढी वर्षं लागली.

पुढं हत्यारं बदलू लागली. 1953 साली सरकारनं जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम काढली. त्या काळात पायानं चालवायचं झोडणीचं यंत्रही लोकांच्या माहितीचं झालं. पावडी दाबली, की ढोल फिरतो. ढोलावर तारेचे आकडे असतात. त्यावर पेंढी धरली, की दाणे झडतात. 1972 साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ निघालं. त्या विद्यापीठानं दातेरी पात्याचा वैभव विळा दिला. त्यानं भात जमिनीलगत कापता येतं. बुडखा उंच राहिला, तर त्यात खोडकिडा दडून राहतो. लगत कापलं, की त्याचा थारा मोडतो. विळा साधाच, पण मोठ्या उपयोगाचा!

आता मोठ्या यंत्राकडे येऊ. त्याला कम्बाईन म्हणतात. कापणी, मळणी आणि वारवणी ही तिन्ही कामं ते चालता चालता करतं. पुढचं पातं पीक कापतं. आतला ढोल दाणे झोडतो. चाळण्या आणि पंखा फोल काढून टाकतात. स्वच्छ दाणा टाकीत जमा होतो, आणि पेंढा मागं पडतो.

हे यंत्र काही काल-परवाचं नाही. अमेरिकेत हायरम मूर नावाच्या माणसानं 1830 नंतरच्या दहा वर्षांत ते बनवलं. ते ओढायला घोड्यांची रांगच्या रांग जुंपावी लागे. 1938 साली कॅनडातल्या मॅसी-हॅरिस कंपनीनं आपल्याच इंजिनावर चालणारं कम्बाईन बाजारात आणलं. मक्याची कणसं मात्र तिकडेही पुष्कळ वर्षं माणसं हातानं सोलीत. 1954 पासून कम्बाईनला मक्यासाठी वेगळं तोंड बसवता येऊ लागलं. तिथली म्हातारी शेतकरी मंडळी अजून त्या जुन्या यंत्रांच्या आठवणी काढतात. आपण बैलांच्या काढतो, तशाच.

पण यंत्र आलं, की कुणाचा तरी रोजगार जातो. 1830 साली इंग्लंडमध्ये शेतमजुरांनी मळणीची यंत्रं फोडली. हिवाळ्यात झोडणीच्या मजुरीवर त्यांची चूल पेटत असे. ते काम यंत्रानं नेलं. त्यांची भूक खरी होती. आपल्याकडेही कापणीच्या मजुरीवर जगणारी घरं आहेत. यंत्र बोलावताना त्यांना विसरू नये.

आज आपल्या रायगड जिल्ह्यातही कम्बाईन भाड्यानं मिळतं. तरुण पोरं नोकरीला मुंबईला जातात. मजूर वेळेवर भेटत नाही. आभाळ भरून आलेलं असतं. अशा वेळी तासाभरात शेत मोकळं होतं, हा मोठा फायदा आहे. शेत लवकर मोकळं झालं, की उरलेल्या ओलीवर वाल पेरता येतो.

तोटेही समजून घ्या. पेंढा तुटतो आणि शेतात पसरतो. गुरं असतील, तर त्यांच्या तोंडचा चारा जातो. जड यंत्र ओल्या शेतात घातलं, तर जमीन दबते आणि बांध फुटतो. लहान खाचरात यंत्राला वळायलाच जागा नसते. वळण्यात वेळ जातो, आणि भाडं मात्र तासावर चालू राहतं. अशा ठिकाणी दोन-चार घरांनी मिळून लहान झोडणी यंत्र घ्यावं आणि कापणी विळ्यानं करावी. त्यात मजुरी राहते आणि पेंढाही राहतो.

यंत्र घ्यायचंच ठरलं, तर हिशेब आपण ठेवावा. समजा, भाडं तासाला 2000 रुपये ठरलं. यंत्र किती वाजता शेतात उतरलं, ते लिहा. किती वाजता निघालं, तेही लिहा. दीड तास झाला, तर 3000 रुपये होतात. चार तोंडांनी चार आकडे सांगितले, तरी तुमच्या वहीतला आकडा तुमच्याजवळ राहील.

दुसरा हिशेब ओलीचा. यंत्रानं काढलेलं भात ओलं असतं. 100 किलो भातात 22 किलो पाणी असेल आणि ते नीट वाळवलं, तर सुमारे 91 किलो उरतं. घट पाहून घाबरू नका. ओलं भात कणगीत भरलं, तर ते तापतं आणि कुबट होतं. ओलं विकायचं असेल, तर त्याचा भाव आधी विचारा. वजन होताना काट्याजवळ उभे राहा.

आमच्या वाडवडिलांना कबुलायत वाचता येत नव्हती. तुम्हाला आता वाचता येतं. तेव्हा पावती वाचल्याशिवाय सही करू नका. येत्या कापणीला घरात एक वही ठेवा. पहिल्या पानावर शेताचं नाव लिहा, त्याखाली तारीख, आणि मग किती भात निघालं ते. घरच्या बाईलाही ती वही लिहू द्या. कापणीत तिचा हात असतो, तसा हिशेबातही असावा.