रानातली आंघोळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘स्वच्छता’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली, घर आणि शेत सांभाळणारी बाई. भांडी कशी घासावी, अंगण कसे सारवावे हे मी तुम्हांला सांगणे म्हणजे आईला आजोळच्या गोष्टी सांगण्यासारखे आहे. म्हणून मी आज घरातली स्वच्छता सोडून रानातली घेतली आहे. काही डोळ्यांनी पाहिलेले आहे, काही मुलाच्या पुस्तकांतून वाचलेले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

पोरगे चिखलात लोळून आले की आपण म्हणतो, “रानटी कुठला!” पण रानातले जनावर घाणेरडे असते, हे खरे नव्हे. रानडुकराचेच पाहा ना. सोयाबीनची नासाडी करणारा हा आपला वैरी. त्याची बाजू मी घेत नाही. पण तो चिखलात लोळतो तो घाणीच्या आवडीने नव्हे. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही. उन्हाळ्यात चिखलाने त्याचे अंग थंड राहते. चिखल वाळला की तो बाभळीच्या बुंध्याला अंग घासतो आणि चिखलाच्या खपल्यांबरोबर गोचिडे व उवाही गळून पडतात. आपण शिकेकाई लावतो, तो चिखल लावतो, इतकेच.

पाणी नसले तर काय करावे, हे चिमणीने दाखविले आहे. २०१६ चा उन्हाळा तुम्हांला आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते साल. आमच्याकडे घागरीला घागर मोजून पाणी वापरत होतो, आणि अंगणात चिमण्या खुशाल धुळीत आंघोळ करीत होत्या! मातीत खळगा करून पंख फडफडवायचे, धूळ पिसांत मुरवायची आणि मग झटकून टाकायची. पिसांवरचे जास्तीचे तेल व बारीक किडे तिच्याबरोबर निघून जातात. मग चोचीने एकेक पीस सारखे करावयाचे. पुष्कळ पाखरांच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची लहानशी गाठ असते; तिच्यातले तेल चोचीने घेऊन ती पिसांना लावतात. आपली तेलफणीच ती!

हीच चिमणी बाळंतीण झाली की तिचा व्याप पाहावा. पिल्लू लहान असताना त्याची विष्ठा एका पातळ पिशवीत बांधल्यासारखी येते. आईबाप ती चोचीत धरतात आणि घरट्यापासून दूर नेऊन टाकतात. लंगोट धुणाऱ्या बाईला हे सांगावयास नको. आणि बरे का, यात चिमणाही असतो, एकट्या चिमणीवर तो हे काम टाकत नाही. हे आपापल्या घरी जरूर सांगा!

आपल्या शिवारातले रोही पाहिले आहेत ना? ते पुष्कळदा ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतात. तिथे ढीग साचतो. गाईसुद्धा शेणाच्या पोहाभोवतालचे गवत खावयाचे टाळते, कारण घाणीतून पोटात जंत जातात. तिला हे कुणी शाळेत शिकविलेले नाही.

आता मांजराच्या जिभेकडे वळू. मांजर चाटते तेव्हा कानसासारखे खरखरीत लागते. त्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. त्यांनी केस विंचरले जातात. वाघाचीही तीच रीत. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ आपल्या हिंगोली जिल्ह्यातून जाऊन बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेराशे किलोमीटरांच्या वर चालला. आपण सगळ्या तेव्हा दारे लावून बसलो होतो! पण एवढ्या वाटचालीत तोही कुठे सावलीला बसून, घरच्या मांजरासारखाच अंग चाटून स्वच्छ करीत असणार.

जनावरांच्या डॉक्टरांना विचाराल तर ते एक गोष्ट सांगतील. जनावर आजारी पडले की स्वतःला चाटणे, साफ करणे सोडते. केस पिंजारतात, तेज जाते. म्हणजे अंग अस्वच्छ दिसले तर ते जनावर आळशी झाले असे नव्हे, त्याला काही दुखते आहे असे समजावे. हे वाक्य जरा ध्यानात ठेवा.

आणखी एक अडचण आहे. स्वतःची जीभ, चोच, नख सगळीकडे पोहोचत नाही. मानेमागे, कानात, पाठीवर काय करावयाचे? कयाधूच्या काठी म्हशीच्या पाठीवर बसलेला बगळा आपण रोज पाहतो. तो गोचिडे टिपतो. त्याचे पोट भरते, म्हशीला आराम पडतो. आणि वानरे तर एकमेकांची सेवा करण्यात तासन्‌तास घालवतात. एक पाठ करून बसते, दुसरी तिचे केस बाजूला करून उवा आणि कोंडा वेचते. मग पाळी बदलते. याने अंग तर साफ होतेच, पण कळपातल्या माद्यांचे सख्यही टिकते.

भगिनींनो, आता जे सांगते ते सांगावयास मला जड जाते.

माझ्या आत्याबाई लकवा होऊन दोन वर्षे खाटेवर होत्या. मी त्यांचे सगळे करीत होते. चादर रोज बदलली, फरशी फिनेलने पुसली. येणारी-जाणारी म्हणे, “घर कसे आरशासारखे आहे!” मला ते ऐकावयास बरे वाटे. पण आत्याबाईंचे केस मी नुसते वरच्यावर भिजवून गुंडाळीत असे. बसून विंचरण्याएवढा वेळ मी त्यांना दिला नाही. केसांच्या जटा झाल्या. त्या काही बोलल्या नाहीत.

एके दुपारी मागच्या चिंचेवर वानरे आली. एक म्हातारी वानरी फांदीवर डोळे मिटून बसली होती आणि दुसरी तिची मान साफ करीत होती. आत्याबाई खिडकीतून पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मग बोबड्या बोलीत म्हणाल्या, “बघ माय, तिलाबी कुणी हाय.”

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी हातातले काम टाकले, खोबरेल कोमट केले आणि त्यांच्या उशाशी बसले. जटा सोडवावयास चार दुपारी लागल्या. उवा निघाल्या, डोक्यात एक फोड होता तोही तेव्हाच दिसला. फरशी रोज पुसणाऱ्या सुनेला तो इतके दिवस दिसला नव्हता. त्या चार दुपारी आत्याबाई त्यांच्या माहेरच्या किती गोष्टी बोलल्या! लग्नाला वीस वर्षे झाली तरी मी त्या ऐकल्या नव्हत्या. पुढे चार महिन्यांनी त्या गेल्या. केस नीट विंचरलेले होते, एवढेच माझे समाधान.

आपल्या गल्लीत अशा किती म्हाताऱ्या असतील? अंगाला वास येतो म्हणून आपण त्यांच्यापासून दोन हात दूर बसतो. त्या अस्वच्छ नाहीत. त्यांचा हात पाठीपर्यंत पोहोचत नाही, एवढेच. हळदीकुंकवाला आपण जमतोच. माझी विनंती एवढी की, मंडळाच्या वहीत अशा बायकांची नावे लिहावी आणि दर बुधवारी दुपारी दोघींनी फणी आणि तेलाची वाटी घेऊन त्यांच्याकडे जावे. वर्गणी नको, ठराव नको. पहिल्या बुधवारी मी जाते. सोबत कोण येणार, तेवढे चहाच्या वेळी मला सांगा.