२८ एप्रिल

एकाच तारखेच्या पोटीं किती भिन्न हकीकती नांदतात, हें पाहण्यास २८ एप्रिल ही तारीख श्रोत्यांनीं अवश्य घ्यावी. औरंगाबादशीं, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराशीं, तिचें नातें दुहेरी आहे.

१७४० च्या आरंभीं पहिल्या बाजीरावांनीं निजामपुत्र नासिरजंगास याच मुलखांत पेंचांत धरून मुंगी-पैठणचा तह केला. तहांत हंडिया व खरगोण हे प्रांत मिळाले. तिकडे गेलेले पेशवे नर्मदातीरीं रावेरखेडी येथें २८ एप्रिलला निवर्तले. वय अवघें ३९.

१८१८ त पेशवाई बुडाली. दुसऱ्याच वर्षीं, १८१९ च्या २८ एप्रिलला, मद्रासच्या घोडदळांतील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या नादांत अजिंठ्याच्या लेण्यांत शिरला आणि दहाव्या लेण्यांतील चित्रित स्तंभावर आपलें नांव व तारीख कोरून मोकळा झाला. ‘शोधा’चा पुरावा तोच, आणि विद्रूपतेचाही! आसपासच्या रहिवाशांस लेणीं ठाऊक होतींच. त्या वेळीं अमेरिकेचे अध्यक्ष असलेले जेम्स मन्रो यांचा जन्मही २८ एप्रिलचाच, १७५८ चा. गणिती कुर्ट गेडेल यांचा १९०६ चा.

परंतु या योगायोगांत एक मेख आहे. बाजीरावांची मृत्युतिथि वैशाख शुद्ध त्रयोदशी, शके १६६२. तिची २८ एप्रिल होते ती जुन्या इंग्रजी कालगणनेनें. इंग्लंडनें १७५२ त अकरा दिवस गाळले. त्या नव्या हिशेबानें तोच दिवस ९ मे ठरतो. स्मिथची तारीख मात्र नव्या गणनेची. रावेरखेडीच्या समाधीवर फूल वाहणाऱ्यास तिथीच अधिक भरंवशाची.