पाय ज्याचे त्याचे, वाट सर्वांची
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



'जिद्द' या विषयावर आम्ही बोलावे, अशी संस्थेची सूचना आहे. विषय बोलायला सोपा आहे. 'जिद्द ठेवा' असे सांगून आम्ही घरी जाऊ, आणि गणितात राहिलेला मुलगा जिथे होता तिथेच राहील. म्हणून आज उपदेश बाजूला ठेवून आम्ही एका शर्यतीची हकीगत सांगणार आहोत.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात 'वेस्टर्न स्टेट्स' नावाची डोंगरवाटेची शर्यत जूनअखेर होते. अंतर १०० मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर. मुंबईहून पुणे गाठून वर आणखी चालावे, एवढे! चढ एकूण सुमारे १८,००० फुटांचा, उतार २३,००० फुटांचा. वर माथ्यावर काही वर्षी बर्फ असतो, तर खाली दऱ्यांत अंग भाजणारे ऊन. शनिवारी पहाटे पाचला निघायचे आणि रविवारी सकाळी अकराच्या आत ऑबर्न गावातील शाळेच्या मैदानावर पोहोचायचे. मुदत ३० तासांची. त्यानंतर आलेल्याची नोंद होत नाही.

ही वाट मुळात घोड्यांच्या शर्यतीची. १९७४ साली गॉर्डी एन्सले हा तरुण घोड्यांबरोबर स्वतःच्या पायांनी निघाला आणि २३ तास ४२ मिनिटांत पोहोचला. घोड्याची वाट माणूस एका दिवसात तोडू शकतो, हे त्याने दाखवून दिले. पुढे त्याच वाटेवर माणसांची शर्यत सुरू झाली.

२०१५ साली या शर्यतीत गुनहिल्ड स्वान्सन नावाच्या ७० वर्षांच्या बाई उतरल्या. दिवस गेला, रात्र गेली. वाटेत रस्ता चुकला आणि जादा अंतर पायांवर पडले. रविवारी सकाळी त्या गावाच्या वेशीवर आल्या तेव्हा मिनिटे मोजण्याची वेळ आली होती. त्या वर्षीचा विजेता रॉब क्रार हा आदल्या संध्याकाळीच, १५ तासांच्या आत, शर्यत जिंकून मोकळा झाला होता. तो साध्या चपलांनिशी त्यांच्या बरोबरीने धावू लागला. बाईंनी रेषा ओलांडली तेव्हा घड्याळात २९ तास ५९ मिनिटे ५४ सेकंद झाले होते. अवघे सहा सेकंद उरले होते! सत्तरीत ही शर्यत पुरी करणारी ती पहिली स्त्री.

मित्रहो, हे कसे साधते? शंभर मैलांचा विचार एकदम केला तर माणूस पहिल्याच चढावर बसेल. म्हणून ही वाट टप्प्याटप्प्याने तोडायची असते. वाटेत ठिकठिकाणी मदतीची ठाणी असतात. तिथे पाणी, बर्फ, मीठ, गरम सूप आणि तपासायला वैद्यकीय मंडळी असतात. प्रत्येक ठाण्याची बंद होण्याची वेळ ठरलेली असते. धावणाऱ्याने फक्त पुढचे ठाणे गाठायचे. ६२ मैलांनंतर एक सोबती बरोबर घेता येतो. पण सोबत्याने धावणाऱ्याचे ओझे उचलायचे नाही, हा नियम आहे. धावणारे चारशेच्या आत आणि राबणारे स्वयंसेवक मात्र त्याहून कितीतरी जास्त!

आता दुसरी बाजू ऐका. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची अशीच शर्यत झाली. १७२ जण धावत होते. उंच भागात अचानक गारठा, वारा आणि पाऊस आला. वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट सक्तीचे केलेले नव्हते आणि त्या चढावर गाडी पोहोचत नव्हती. २१ जण थंडीने दगावले. त्यांत देशातला अव्वल धावपटूही होता. त्यांच्याजवळ जिद्द नव्हती, असे कोण म्हणेल? त्या दिवशी एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटीची ऊब दिली. ते सहा वाचले.

आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच. जिद्द ही एकट्याची बाब नाही. पाय ज्याचे त्यानेच उचलायचे, ते दुसऱ्याला उचलता येत नाहीत. पण ठाणे उभे करणे हे समाजाचे काम आहे. मुलाने शिक्षण अर्ध्यावर सोडले की 'त्याच्यात जिद्दच नव्हती' असे आपण चटकन म्हणून टाकतो. त्याच्या वाटेवर ठाणे होते का, हे विचारत नाही.

विद्यार्थी मित्रहो, एक विषय राहिला म्हणून वाट संपत नाही. संपूर्ण अभ्यासक्रमाकडे पाहून घाबरू नका. या आठवड्याचा धडा हे तुमचे पुढचे ठाणे. थकवा आला, आजारपण आले, तर सांगा आणि थांबा. वेळेवर थांबणारा पुन्हा निघू शकतो. त्यात कमीपणा नाही.

आणि संस्थेच्या सभासदांनो, अभ्यासिकेतला दिवा, जुन्या पुस्तकांची पेटी, परीक्षा-फीचा निधी ही आपली ठाणी आहेत. जे आधी पोहोचले, नोकरीला लागले, त्यांनी घरी जाऊन झोपू नये. त्या विजेत्याप्रमाणे चपला घालून परत वाटेवर यावे. मागून कुणीतरी येत असेल आणि त्याच्याजवळ थोडेच सेकंद उरले असतील.